विचारलं तेवढंच

दुसऱ्याच्या ऐश्वर्याचा हेवा मनुष्य कधीतरी कबूल करतो. परंतु दुसऱ्याच्या लेकराच्या वाणीचा हेवा आई स्वतःपाशीही कबूल करीत नाही.

म्हैसूरच्या तुंगाक्कांचे असेच झाले. यजमान श्रीनिधी बेळगोळच्या कारखान्यात कामगार. त्या स्वतः लोकांचे डबे करीत आणि दुपारी शेजारच्या विभावरीबाईंची आभा सांभाळीत. विभावरीबाई पुण्याहून आलेल्या, मोठ्या कंपनीत हुद्द्यावर. आभा आणि तुंगाक्कांची पूजिता, दोघी सहा वर्षांच्या. एकाच शाळेने दोघींना प्रवेशापूर्वी भेटीस बोलावले. तिथल्या बाईंनी चित्र पुढे ठेवले. "काय दिसतं? कुठल्याही भाषेत सांग."

"गाय," पूजिता म्हणाली आणि हात बांधून उभी राहिली. आभाने मात्र ती गाय कोणावर रुसली इथपासून तिच्या मावशीच्या लग्नापर्यंत सारे सांगितले. आभाला प्रवेश मिळाला. पूजिताला महिन्याने पुन्हा बोलावले.

तेव्हापासून आभाचा शब्दन् शब्द तुंगाक्कांना सलू लागला. तिने काही विचारले की विभावरीबाई उलट विचारीत, "तुला काय वाटतं?" एवढी सवड तुंगाक्कांच्या घरी कोणाला होती? तिथे उत्तरे आखूडच असत. आता आभाने तोंड उघडले की त्या म्हणत, "सुम्मने बस गं, गप्प. विचारलं तेवढंच बोलायचं." पंधरा दिवसांत आभा खरोखरच मुकी झाली, आणि तुंगाक्कांना, लाज वाटावी इतके, बरे वाटले.

एके दुपारी त्या डाळ निवडीत होत्या. आभा बाहुलीशी काही पुटपुटली, तोच पूजिताने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"सुम्मने बस गं. विचारलं तेवढंच बोलायचं. अम्मा रागावते."

तोच स्वर, तीच तिरकी मान. तुंगाक्कांचा हात ताटात थांबला. हेच वाक्य ऐकत वाढलेली आपली लेक शाळेत हात बांधून का उभी राहिली, हे त्यांना त्या क्षणी कळले.

संध्याकाळी विभावरीबाई येताच त्या म्हणाल्या, "बाई, आभा गप्प झाली ती माझ्यामुळं. माझीला बोलता येईना, म्हणून हिचं बंद केलं मी. दुसरीकडे ठेवायची तर ठेवा."

विभावरीबाईंनी आभाला जवळ ओढले. मग कोरडेपणाने म्हणाल्या, "हिला गप्प करणं मला सहा वर्षांत जमलं नाही, तुंगाताई." चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "उद्या आणते. पण दोघींना बोलू द्या."

त्या गेल्यावर पूजिता जवळ आली. "अम्मा, तू विचारलं नाहीस, तरी एक सांगू?"

चुलीवरचे राहू देऊन तुंगाक्का जमिनीवर बसल्या. "सांग."

त्या दोन्ही लेकींच्या जिव्हेवर वाग्देवी सुखाने नांदो, आणि त्यांचे ऐकून घेण्यास दोन्ही घरांना सवड लाभो.