जोडाखालची फूट

मी या अंगणातला आंबा बोलतोय. या घरच्या बाईंनी हौसेनं लावला तो मी नव्हे, त्याच्या जागी उभा राहिलेला मी. इतकी वर्षं पोटात ठेवलं, आज सांगून टाकतो.

कुणीतरी चोखून फेकलेल्या कोयीतून मी उगवलो. रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत वाढलो. आधी तांबूस, मऊ पानं आली, मग ती हिरवी झाली. बोटाएवढा जाड झालो तेव्हा माळीबुवांनी माझा शेंडा छाटला, चीर पाडून तिच्यात एक काडी बसवली आणि वर पट्टी गुंडाळली.

ती काडी बाईंच्या आईच्या आंब्याची. आई गेली, घर विकलं गेलं, नवे मालक झाड तोडणार होते. आदल्या दिवशी बाईंनी ओल्या फडक्यात पाच काड्या आणल्या. चार वाळल्या. जगली ती माझ्यावरची; ती बाईंनी इथे अंगणात लावली.

"ताई, जोडाखाली फूट आली की खुडायची," माळीबुवांनी बजावलं. "खालचा गावठी आहे. माया केलीत तर डोक्यावर बसेल."

बसलोच मी. काडीला पाणी मीच पोचवायचं होतं. पोचवलं, पण हात आखडून. खालून माझा कोंब काढला, बाईंनी खुडला. दुसरा काढला, तोही खुडला. मग बाई दोन महिने लेकीकडे गेल्या. मागे यजमानांनी प्रेमानं बुंध्याशी मातीचा ढीग घातला, त्यात जोडच गाडला गेला. बाई परतल्या तर मातीतून दोन फांद्या वर आलेल्या, एक हिरवीगार, एक मरतुकडी.

"अहो, यातली आईची कुठली?"

"जोमदार आहे ती. तुझी आई कधी मरतुकडी होती? मला अजून धाक आहे तिचा."

बाई हसल्या आणि शिवणाच्या कात्रीनं बारकी फांदी कापून टाकली. मला ओरडता येत नाही हे खरं. येत असतं तरी ओरडलो नसतो, हेही खरं.

सातव्या वर्षी मोहरलो. बाई चष्मा लावून रोज तुरे न्याहाळायच्या. माश्या घोंगावल्या, निम्म्याहून जास्त फुलं झडली. मोहरीएवढी फळं धरली, वाटाण्याएवढी झाली, गोटीएवढी होऊन गळत राहिली. शेवटी सहा टिकली.

पहिली फोड बाईंनी धाकट्या बहिणीला दिली. दातातला धागा ओढत ती म्हणाली, "ताई, हा आईचा नाही."

"माती बदलली की चव बदलते गं."

"इतकी? आईच्या आंब्याला धागा नव्हताच मुळी. आणि हा आंबट तरी किती, माझ्या सासूला लाजवील."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माळीबुवांना बोलावलं. त्यांनी बुंध्याची माती उकरली. जोडाची गाठ उघडी पडली आणि तिच्या वर कापल्याची बुजत आलेली खूण.

"म्हणजे मीच कापली," बाई म्हणाल्या.

माळीबुवा हातांची माती झटकत राहिले. मग म्हणाले, "हा काढून टाकू. दुसरं चांगलं कलम देतो."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

माळीबुवांनी खुरपं पिशवीत टाकलं. मी तोडला गेलो नाही.

तुम्ही कलम लावाल तेव्हा जोड मातीखाली जाऊ देऊ नका. खालून काही कोवळं, लुसलुशीत वर आलं तर खुडा. दया येईल, तरी खुडा. मी सांगतोय.

बाई अजून सकाळी येतात. पूर्वी माझ्यापाशी बसून आईला सांगावं तसं सगळं सांगायच्या, भाजी खारट झाली इथपासून. आता मुकाट्यानं बादली ओततात आणि आत जातात. मी ते पाणी पितो.