डावा, उजवा

माझा नवरा गाण्यांचं मिक्सिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांनी गायलेलं, वाजवलेलं सगळं एकत्र आणून कानाला गोड लागेल असं बसवतो. घरात त्याचं नाव कानसेन. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तरी तो बाहेरच्या खोलीतून ओरडतो. आमचं घर त्याच्या दोन कानांवर चालतं, पण मी तसं बोलून दाखवत नाही. नाहीतर स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसेल.

त्या सकाळी नवा ऑडिओ इंटरफेस आला. वहीएवढा लोखंडी डबा. कॉम्प्युटरमधलं गाणं त्यातून स्वच्छ होऊन हेडफोनमध्ये येतं. त्याने वायर जोडली, सेटिंगमध्ये जुन्याऐवजी नवा डबा निवडला, आवाज आधी शून्यावर आणला. नवं यंत्र जोडलं की तो नेहमी एकच रेकॉर्डिंग लावतो. लग्नाच्या वर्षी माझ्याकडून बोलून घेतलेलं: डाव्या बाजूला 'डावा', उजव्या बाजूला 'उजवा'. प्रत्येक यंत्राचा श्रीगणेशा माझ्या आवाजाने होतो. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"उजवा येत नाहीये," तो म्हणाला.

"नव्याचे नऊ दिवस तरी निघू देत," मी म्हटलं. तो हसला नाही.

त्याने वायर दुसऱ्या खाचेत लावली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. आवाज वाढवला, आणखी वाढवला. माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला. मग दुकानदाराला फोन करून "भंगार विकता का?" म्हणून झापलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, एकदा हेडफोन उलटा घालून बघा ना." याने फोन आपटला.

आता, ही गोष्ट कुणी याला सांगायची? हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला तो पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मग स्वतः का करत नव्हता? मी हातातली घडी बाजूला ठेवली.

"अरे, घाल ना उलटा."

"कळतं मला!"

कळत होतं म्हणूनच हात पुढे जात नव्हता. शेवटी मीच त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, फिरवून पुन्हा चढवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"उजवा आला," तो हळूच म्हणाला.

"मग झालं की! मेल्या, केवढा जीव टांगणीला लावलास!" मला इतकं हायसं वाटलं की घडी घातलेला टॉवेल मी त्याच्या अंगावर फेकला.

"आता डावा गेला."

"म्हणजे?"

"डबा चांगला आहे. हेडफोनही चांगला आहे." त्याने उजव्या कानाला हात लावला. "इथे जे येतं तेच ऐकू येत नाही."

मी हेडफोन ओढून स्वतःच्या कानांवर घातला. दोन्हीकडून मी ठणठणीत बोलत होते. स्वतःच्या आवाजाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. कालपर्यंत सगळं नीट होतं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "लगेच आणा. उद्यावर टाकू नका." मी किल्ल्या घेतल्या, पर्स शोधली, दारापर्यंत गेले. तो खुर्चीतून उठेना.

"चल ना रे."

"थांब. एकदा यंत्राशिवाय बघू. तू बोल, अगदी कानाशी."

त्याने डाव्या कानात बोट घट्ट रोवलं आणि डोळे मिटून घेतले. मी वाकले. ओठ त्याच्या उजव्या कानाला लागले, इतकी जवळ गेले. हलकेच म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"बोल ना," तो म्हणाला. "वाट कसली बघतेस?"