पारा उतरला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाबमापक यंत्र आहे. काचेच्या नळीत पारा बाळगणारे. कारखान्यात ती नळी माझ्या अंगी बसली तेव्हाच माझे भाग्य ठरले: माणसाच्या आत दडलेले वादळ एका चंदेरी रेषेत दाखवायचे. कळव्याच्या या दवाखान्यात माझा कापडी पट्टा कितीतरी दंडांना बिलगला.

गेल्या वर्षी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने ठरवले, की ज्या डॉक्टरांच्या सगळ्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात राहील, त्यांना वर्षअखेरीस बक्षिसाची रक्कम द्यावी. हेतू वाईट नव्हता. डॉक्टर रसिका आधीही मन लावून तपासत. आता त्या न फिरकलेल्यांना फोन करू लागल्या, ताटातल्या मिठाची चौकशी करू लागल्या. अनेकांचा पारा खरोखर उतरला. माझेही कौतुक झाले.

एकट्या आवडाबाईचा मात्र उतरेना. खाडीकाठच्या मिठागरात जन्म गेलेल्या त्या म्हातारीला मीठ तोडणे म्हणजे माहेर तोडणे. कंपाउंडर महेंद्र तिला एकदा चिडवून म्हणाला, “आजी, तुमच्यापायी मॅडमचं बक्षीस अडलंय बरं का.” सारे हसले. ती हसली नाही.

वर्षाच्या शेवटच्या तपासणीला ती भिंतीचा आधार घेत आली. पट्ट्याखालचा दंड गार होता. हवा सुटली आणि पारा घसरतच राहिला; ठोका सापडला तो फार खाली. ‘आटोक्यात’ या शब्दात तो आकडा सहज मावला असता.

“आजी, गोळ्या किती घेतल्या?” डॉक्टरांनी विचारले.

“चार दिसांच्या एकदम,” ती पुटपुटली. “बाय, तुजा बक्षीस माज्यापायी जावाचा नाय.”

डॉक्टरांनी तिला आडवे केले, पाय उशीवर ठेवले, रुग्णवाहिका बोलावली. गाडी येईपर्यंत आजीचे मनगट सोडले नाही. महेंद्र दाराशी मान खाली घालून उभा होता.

आवडाबाई वाचली. बरी होऊन आली तेव्हा पारा पुन्हा चढलेला होता. डॉक्टरांनी तोच आकडा वर्षाचा म्हणून कळवला आणि बक्षीस हुकले. “रोज एकच गोळी घ्यायची, आजी,” त्या एवढेच म्हणाल्या. “माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.”

आता टेबलावर बॅटरीचे नवे यंत्र आहे आणि मी कपाटात. अंधारात पाऱ्याला चमकता येत नाही. आठवता मात्र येते. मित्रांनो, आकडा खाली आणणाऱ्याला शाबासकी जरूर द्या. पण त्याआधी एकदा त्या दंडाला हात लावून पाहा. तो उबदार आहे ना?