दोनदा दाबू नका, एकदा ऐका

मी ब्रेकचं पेडल बोलतोय, आणि आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. फिलिपिन्समधल्या बेंगेटच्या डोंगरात गास्पर दुलनुआनची जीपनी आहे, म्हणजे समोरासमोर दोन लांब बाकांची प्रवासी जीप. तिच्यात एकवीस वर्षं मी लोकांच्या पायाखाली आहे. इतकी वर्षं तुडवून घेतल्यावर कोणाचंही डोकं फिरेल.

मी आधी एका जुन्या ट्रकमध्ये होतो. तो भंगारात गेला तेव्हा गास्परच्या बापाने मला या गाडीत बसवलं. पुढे गास्परच्या डोक्यात हाव शिरली. त्याने गाडी मधोमध कापून लांब केली, दोन्ही बाकांवर दोन-दोन माणसं जास्त बसावीत म्हणून. बाहेरून उधळलेले घोडे रंगवले, पवित्र मरियेचं चित्र काढलं, पोरीचं नाव लिहिलं. मागच्या चाकांना जाणारा ब्रेकचा पाइप मात्र जुनाच, त्याला फक्त एक तुकडा जोडलेला. तो गंजून गुरुवारी फुटला. नशीब, गाडी तेव्हा दारात उभी होती.

शुक्रवारी गास्पर आणि त्याचा मेहुणा रोमुलो यांनी नवे पाइप घातले. पण पाइपात हवा राहिली. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पाय ठेवला की मी लोण्यासारखा खाली जायचो. यात माझा काय दोष?

मग हवा काढायचा कार्यक्रम सुरू झाला. गास्परची बायको फेलिसा सीटवर, गास्पर मागच्या चाकाखाली.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! सोडू नकोस!"

"धरलंय हो! माझा पाय आहे, जॅक नाही!"

ब्रेक ऑइलची बाटली संपली, तरी मी मऊच. रोमुलोने काखा वर केल्या. "भावजी, पेडलच झिजलंय."

गास्परने मला लाथ घातली. मला! इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"दोनदा दाबलं की धरतंय ना? मग झालं," तो म्हणाला.

काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी फेलिसाच्या भाचीचं लग्न होतं. बावीस माणसं घेऊन खालच्या चर्चपर्यंत उतरायचं होतं. वाटेत अकरा वळणं, प्रत्येकाच्या कडेला दरी. पुढच्या सीटवर गास्परची स्वतःची पोर मारिसोल बसणार होती. आणि हा म्हणतो, झालं!

फेलिसा खाली उतरली. "आणि दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळाला नाही तर?"

"निघताना फादर गाडीवर पवित्र पाणी शिंपडणार आहेत."

"त्याने पाइपातली हवा जाते का?"

फेलिसा कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिली. आमच्याकडे गाडी नेहमी चढाकडे तोंड करून उभी करतात आणि मागच्या चाकाला दगड लावतात. ही गाडीही तशीच उभी होती, नाक आभाळाकडे आणि मागची चाकं खाली.

"अहो, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या नळीत हवा अडकली की आपण कुठलं तोंड उघडतो?"

"वरचं."

"मग इथे खालचं उघडून काय बसलाय?"

"गाडी अशीच उभी करायची असते. बाबांनी शिकवलंय."

"बाबांनी गाडी उभी करायला शिकवली. हवा काढायला नाही!"

रोमुलो हसला. गास्परचा चेहरा पडला, पण ऐकलं त्याने. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी गाडी वळवली, उताराकडे तोंड केलं, पुढच्या चाकांना दगड लावले. आता मागची चाकं सगळ्यात उंच. फेलिसाने मला दाबलं, गास्परने चाकामागचा हवा सोडायचा निपल सैल केला आणि त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे भडाभडा निघाले. मग नुसतं तेल. मी अर्ध्यावरच घट्ट उभा राहिलो.

तरी फेलिसा उठली नाही. दहा वेळा 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणून होईपर्यंत तिने मला दाबून ठेवलं. मी तसूभरही खाली गेलो नाही. "आता न्या," ती म्हणाली.

माझी कोणी माफी मागितली नाही. म्हणून सांगतो, चालवणाऱ्यांनो, मी मऊ लागलो तर ती तक्रार समजा. लाथा घालू नका, दोनदा दाबून माझं तोंड बंद करू नका. गाडी जागेवर ठेवा.

सकाळी पहिलं वळण आलं. मागे बायका गात होत्या, मारिसोल केसातलं फूल सावरत होती. गास्परने माझ्यावर पाय ठेवला. मी धरलं, गाडी धरली. आणि तेव्हा कळलं, त्याचा पाय लटलट कापत होता. म्हणजे कालही तो घाबरलेलाच होता. घाबरलेला असूनही तो पोरीला घेऊन निघणार होता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.