उंदरांच्या पोटातल्या गोळ्या

धान्याच्या खोलीतला वास सकाळी इतका चढला की पैलवानाच्या बायकोने नाकाला फडकं बांधून सगळी पोती ओढून काढली. भिंतीशी उंदीर मरून फुगले होते. तोंडाशी रक्त वाळलेलं, वर माश्या. सुपलीत ते गोळा करताना कणकेचा एक गोळा हाताला लागला. फोडला, तर आत नवऱ्याची गोळी!

पैलवान नांगरता नांगरता सरीतच कोसळला होता, त्याला फार दिवस झाले नव्हते. डोक्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, रक्ताची तपासणी चुकवायची नाही, तंबाखू बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तंबाखू त्याने सोडली, आणि ही भोळी तेवढ्यावरच खूश होती.

"अहो, हे काय?"

"गावातला खतवाला गोळी बघून म्हणाला, हे तर उंदीर मारायचं औषध! म्हटलं, बघावं करून. मेले का नाही पटापट?" पैलवान हसत म्हणाला.

"आणि तुम्ही मेला असता म्हणजे?"

"मला काय धाड भरलीय?"

उंदरांची किळस आली त्याहून जास्त तिला त्या हसऱ्या तोंडाची आली. राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम त्याच्या घशात कोंबाव्यात असं वाटलं. पण चुकलेली गोळी दुप्पट करून घ्यायची नाही, आधी विचारायचं, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. हात खसखसून धुतले आणि दुधाच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

"रक्त परत घट्ट झालंय," डॉक्टर तपासणी बघून म्हणाले. "पायांवर उभे आहात हे नशीब. गोळी तीच, पण उंदराला जास्त झाली म्हणून तो मेला. तुमची गोळी तुमचं रक्त तपासून ठरवलीय."



संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवून गोळी गिळायला लावली, वर जीभही उचलून बघितली. तेवढ्यात खतवाला दारात.

"वहिनी, तुमच्याकडचे उंदीर साफ झाले म्हणे. आमचे उंदीर दुकानातल्या औषधाला दाद देईनात. दोन-चार गोळ्या द्या की."

सकाळच्या गडबडीत उंदरांची सुपली उकिरड्यावर रिकामी करायची राहूनच गेली होती. तिने ती उचलून आणली आणि त्याच्या पायाशी आदळली.

"यांच्या पोटात आहेत. घ्या वेचून."