सावकाश पळायला वेळ लागतो

शिट्टीसरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि मी मैदानभर ऐकू जाईल अशी किंचाळले. सर पूर्वी शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही, आणि आता आमच्यासारख्या हौशी पळणाऱ्यांना शिकवतात.

"हाड कुरकुरतंय, मुली. रोज शर्यत असल्यासारखी पळतेस. कोणी सांगितलं होतं?"

कोणी सांगितलं होतं म्हणे! माझं डोकंच फिरलं. माझ्या सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलंय, त्यांना एकटं सोडता येत नाही. त्यांना सांभाळणाऱ्या बाई सकाळी उशिरा येतात आणि रविवारी येतच नाहीत. तोवर आम्हा नवरा-बायकोपैकी एकानं घरी थांबायचं. पहाटे आधी तो बाहेर पडतो, कारण त्याला ऊन सोसत नाही. मला जणू ऊन लागतच नाही! तो निवांत पळून, वाटेत चार जणांशी गप्पा ठोकून परत आला की उरलेला वेळ माझा. तेवढ्यात जीव खाऊन पळायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं. वर कौतुक! "वहिनी काय सुसाट पळतात!" आणि मी मूर्खासारखी खूश.

सरांनी दोन आठवडे पळणं बंद केलं आणि पुढचं बजावून सांगितलं. आधी अंतर हळूहळू वाढवायचं, वेगाचं नंतर बघू. दोन्ही एकदम वाढवलंस तर हाड मोडून घेशील. जोरात पळायचं ते आठवड्यातून एकदाच, आणि रविवारी लांब पल्ला, अगदी रमतगमत.

"जमलं तर ज्या शर्यतीत नाव दिलंयस, तिथे एकवीस किलोमीटर पळशील. नाही जमलं तर टाळ्या वाजवायला ये."

टाळ्या? चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट फक्त माझ्यासाठी ठरवली होती. ती मी अशी सोडणार नव्हते.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे तुझं कमी झालं. रविवारी मी आरामात लांब जाऊन येतो."

"कमी नाही, सावकाश झालंय. आणि सावकाश पळायला वेळ लागतो."

"अगं, पण तू तर फास्ट आहेस. तुला कशाला एवढा वेळ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी फास्ट नाहीये! मला घाई असते! एवढा फरक कळत नाही तुला? रविवारी आधी मी जाणार. ऊन जरा तुलाही लागू दे."

आतल्या खोलीतून बाबांचा अडखळता आवाज आला. "भांडायचं तर... बाहेर जा." मग थोडं थांबून, "पण एकेक करून."

सक्तीचे दोन आठवडे संपले आणि रविवारी मी निघाले. सगळे मला मागे टाकून गेले, बाबागाडी ढकलत पळणारा एक बापसुद्धा. सवयीनं पाय सारखे भराभर उचलले जात होते, जसं काही कोणी मागे लागलंय. मग मी चिडून चिडून सावकाश पळाले. नडगीनं अवाक्षर काढलं नाही.

परतले तेव्हा नवरा बूट घालून दारातच उभा होता. "केवढा वेळ! बाबांनी दोनदा कपडे ओले केले!"

"रोज करतात," मी म्हणाले.

थोड्या वेळानं बाबांचा व्यायाम करून घेणारे डॉक्टर यायचे होते, आणि बाबांना उभं करायला आम्ही दोघंही लागतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला उरला जेमतेम अर्धा तास. तो सुसाट सुटला आणि परत आला तो लंगडत. तोंड लालबुंद, हात पोटरीवर. पायरीवरच बसला.

"असं कुणी पळू शकतं का?" तो ओरडला. "एवढ्याशा वेळात? सारखं लक्ष घड्याळाकडे! मरेल एखादा माणूस अशानं!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. आता तरी पेटेल डोक्यात दिवा, असं मला खरंच वाटलं.

त्यानं पोटरी चोळली, दम घेतला आणि म्हणाला, "हे बघ, मला हे झेपायचं नाही. पुढच्या रविवारी आधी मी जातो."

म्हणजे मला झेपत होतं! मोडायला आलेल्या हाडासकट झेपत होतं!

"शर्यत होईपर्यंतचे सगळे रविवार माझे," मी म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे तो जास्तच दचकला. "त्यानंतर बघू."

फाटक वाजलं. डॉक्टर आले होते. तो अजून पायरीवरच.

"ऊठ. लंगडत का होईना, बाबांची उजवी बाजू धर," मी म्हणाले आणि आत जाऊन बाबांच्या डावीकडे उभी राहिले.