जळगावातलं जांभळं वांगं

मी वांगं बोलतोय. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. माणसापेक्षा उंच, फायबरचा, डोक्यावर देठाचा मुकुट घातलेला असा मी जळगावातल्या 'खान्देश कला-खाद्य गल्ली'च्या तोंडाशी चौथऱ्यावर उभा आहे. तुम्ही इकडे आला असाल तर माझ्यासोबत फोटो काढलाच असेल. नसेल काढला, तर मला शिव्या तरी नक्कीच दिल्या असतील.

माझा जन्म इथून फार लांब, एका मूर्तिकाराच्या कारखान्यात झाला. शेजारी बागेसाठी बनवलेला डायनासोर आणि चोच मोडलेला एक हंस होता. मूर्तिकाराला फोनवर एवढंच सांगितलं होतं, 'भरताचं वांगं पाहिजे, भव्य.' त्या बिचाऱ्यानं जन्मात पाहिलेली वांगी जांभळी होती. त्यानं मला जांभळा रंग दिला, वर पॉलिश मारलं, आणि मी असा काही चकाकलो की डायनासोर माझ्याशी बोलेनासा झाला.

ट्रकमधून येताना ड्रायव्हर धुळ्याला चहासाठी थांबला. तेवढ्यात माझ्याभोवती घोळका जमला.

"कोन्ता पक्षनी निशाणी शे हाई?" एकानं विचारलं.

"कोन्ता बी ऱ्हावो, मत देवानं नई," दुसरा म्हणाला.

पक्ष कळायच्या आधीच मत नाकारणाऱ्या खान्देशी माणसांशी माझी ही पहिली ओळख.

गल्लीची कल्पना मोनाली मॅडमची. त्या गल्लीच्या समितीचं काम पाहतात. जुन्या बंद गोदामांच्या भिंती रंगवायच्या, दिवे लावायचे, एका बाजूला खान्देशी जेवण, दुसऱ्या बाजूला गाणं-बजावणं आणि हातची कारागिरी. लोक ऐकायला येतील, जेवतील, जाताना काहीतरी विकत नेतील, आणि चार घरच्या चुली पेटतील, असा त्यांचा हिशेब. उद्घाटनाच्या भाषणात त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हे शिल्प स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना देईल." मी दचकलोच. मला हलवायला क्रेन लागली होती, मी कुणाला काय चालना देणार? पण टाळ्या पडल्या, तशी मीही छाती फुगवली. तशी ती मुळातच फुगीर आहे.

नंतर मात्र गल्लीत चिटपाखरू फिरकेना.

माझ्या पायाशीच सुनंदाबाईंचा भरताचा गाळा. आधी त्यांची बसस्टँडमागे हातगाडी होती आणि ती बरी चालायची. मॅडमच्या शब्दावर गाडी विकून त्या इथं आल्या, आणि त्यांची ती जागा दुसऱ्याच दिवशी एका चायनीजवाल्यानं धरली. त्यामुळे आता परत फिरायची सोय नव्हती. त्या कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायच्या, मिरची-लसूण घालून ठेचायच्या आणि वाट बघत बसायच्या. शेजारच्या गाळ्यात बिजलाभाऊ. शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरून ते बांबूच्या टोपल्या घेऊन येत. टोपल्या खपत नसत, म्हणून बासरी वाजवत बसत. उरलेलं भरीत सुनंदाबाई त्यांना देत. गल्लीमुळे त्या काळात एकट्या बिजलाभाऊंच्या पोटाचा विकास झाला.

"महिनाभर बघते भाऊ," सुनंदाबाई एकदा त्यांना म्हणाल्या. "नाहीच जमलं, तर हा गाळा सोडून लोकांच्या घरी पोळ्या लाटायच्या."

मला फार वाईट वाटलं. चालना द्यायला आलेला मी नुसता ठोंब्यासारखा उभा होतो.

आणि मग देवचंदनाना आले. एरंडोलकडचे शेतकरी. जन्मभर त्यांनी भरताची वांगी पिकवली. बाजाराच्या कामासाठी आले होते, ते मला बघून रस्त्यातच थबकले. माझ्याभोवती एक फेरी मारली. चष्मा पुसून दुसरी मारली. आणि ओरडले,

"हाई वांगं आपलं नई शे! आपलं वांगं हिरवं ऱ्हास!"

जळगावचं भरताचं वांगं हिरवट, वर पांढऱ्या रेघा असलेलं असतं. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे, फक्त मलाच नव्हतं. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या लोकांनाही ते दिसलं असणारच, पण फीत कापताना कोण कशाला तोंड उघडतो?

नानांनी तिथंच चौथऱ्यावर बूड टेकलं आणि फोन लावला. "हां भाऊसाहेब! काय सांगू तुमले, जांभळं करी ठेवेल शे! बठ्ठा जण दखाले या!" मग व्याह्याला फोन, मग साडूला, मग धुळ्याच्या भाच्याला. एखाद्या लग्नाचं आमंत्रणही माणूस इतक्या आग्रहानं देत नाही.

आणि खरंच लोक आले की हो! माझी फजिती बघायला गाड्या करून आले. कुणी म्हणालं, ही तर खान्देशची बेइज्जती. कुणी म्हणालं, जाऊ द्या, कलेत असं चालतं. "काय चालस? उद्या केळं निळं करशात!" नाना गरजले. भांडण रंगलं की माणसाला भूक लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यात सुनंदाबाईंच्या चुलीचा तो धूर, तो वास.

"नाना, आधी बसा," त्या म्हणायच्या. "उपाशीपोटी किती भांडाल?"

मग भरीत, भाकरी, कांद्याची पात. जेवून शांत झालेली माणसं आत शिरत, गाणं ऐकत, बिजलाभाऊंची टोपली घेऊन परत जात. सुनंदाबाईंनी भाकरी थापायला दोन बाया ठेवल्या. मागचं एक कुलूपबंद गोदाम उघडलं आणि तिथं पापड-कुरडयांचं दुकान लागलं. नाना तर दर रविवारी नवा घोळका घेऊन हजर. आधी ते चौथऱ्यावर आपली पिशवी ठेवत आणि मगच मला शिव्या द्यायला सुरुवात करत.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात समितीला लाज वाटली.

एका रविवारी सकाळी चिंधा पेंटर हिरव्या रंगाचे डबे घेऊन शिडीवर चढला. खाली मोनाली मॅडम. त्यांनी सुनंदाबाईंना सांगितलं, "नवा रंग धुरानं खराब होईल. तुमची चूल आता मागच्या नाल्याजवळ हलवायची."

नाल्याजवळ कोण जेवायला येणार? हातातलं उलथणं खाली ठेवून सुनंदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. चिंधानं पाठीवर ब्रश फिरवला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या, पण हसू आलं नाही.

नाना नेहमीसारखे घोळका घेऊन पोहोचले आणि शिडी बघून जागीच थांबले.

"नाना, तुमचीच तक्रार होती ना?" मॅडम हौसेनं म्हणाल्या. "करतोय हिरवं. धूर लागू नये म्हणून चूलही मागे हलवतोय."

नानांचा चेहरा पडला. "हिरवं व्हई गयं ते मी कसाले येसू?"

"कशाला येणार म्हणजे?"

"आनि बाईनी चूल मांगे गयी ते मी खासू काय?" नाना शिडीला धरून उभे राहिले. "उतर रे बाबा खाले. आमले हाईच चुकेल वांगं पाहिजे!"

चुकलेलंच वांगं हवं म्हणून घोळक्यानंही री ओढली. मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अहो, पण धुरानं हे काळं पडतंय, त्याचं काय?"

तेव्हा सुनंदाबाई बोलल्या. "पडू द्या ना मॅडम. हिरवं असो का जांभळं, भाजल्यावर वांगं काळंच होतं."

पहिला हसला तो चिंधा. डबा बंद करून खाली उतरला आणि म्हणाला, "मंग मी जेवून घेऊ का?" मॅडमही हसल्या, आणि भरताची पहिली थाळी त्यांनीच मागितली. चूल जागची हलली नाही.

आज माझ्या पाठीवर हिरवा पट्टा आहे, आणि चुलीकडची बाजू धुरानं काळी पडली आहे. पॉलिश गेलं. तो डायनासोर आज मला बघेल तर खूश होईल. माझी तक्रार नाही. तुम्ही या, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, फक्त न जेवता जाऊ नका. माझ्या पायाशी खरी वांगी भाजली जातात आणि त्यावर खरी माणसं जगतात.

मागच्या रविवारी नानांनी माझ्या पोटावर बोट फिरवलं, काजळी बघितली आणि हळूच म्हणाले, "आते जरासं आपलं वाटस."

माझ्या पोकळ पोटात काहीतरी हललं. मॅडम चालना म्हणतात ती हीच असावी.